कुठल्या दारावर बसायचं

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना काय हवंय ते त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं. बाईमाणूस शिडीवर चढून केबल ओढते, खाली उभे पुरुष टकामका बघतात, घरून आधी विरोध, मग शेवटी सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. सोबत हेल्मेट घातलेला एक फोटो. मी म्हटलं, शिडीवर मी पुष्कळ चढलेय, पण शिडीवर चढायला तोल लागतो, अक्कल लागत नाही. अकलेचं काम खाली उतरल्यावर सुरू होतं. त्याच्यावर लिहू देणार असाल तर लिहिते. ते म्हणाले, वाचकांना समजेल असं लिहा. म्हणजे वाचकांना ते समजणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खोटी पाडायची म्हणून हा लेख लिहितेय. आणि सासूबाईंचं म्हणाल तर त्या कधी रडल्याबिडल्या नाहीत. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला घरातल्या टीव्हीची केबल नीट करायला लावली होती.

मी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहते. आम्ही गिरगावातून इकडे आलो, आमच्यासारखे पुष्कळ आले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं दुसऱ्याकडे नोकरी केली आणि मग स्वतःचा छोटा धंदा काढला. शाळा, दवाखाने, क्लासेस, सोसायट्यांची ऑफिसं आणि भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने ही माझी गिऱ्हाइकं. त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडून द्यायचे आणि ती जोडणी बिघडली की कुठे बिघडली ते हुडकायचं, एवढाच धंदा. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून शिडी सोडली आहे. तोंड सोडलेलं नाही.

तर हुडकायचं काम कसं चालतं ते सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, 'नेट स्लो आहे.' पोटात दुखतंय म्हणावं इतकंच त्यातून कळतं. मग आम्ही एक सॉफ्टवेअर लावतो. वायरीतून काय आलं, काय गेलं, किती गेलं, हे ते बसून मोजतं. पण मोजायला लागण्याआधी ते एक प्रश्न विचारतं, आणि बहुतेकजण तो न वाचता पुढे जातात. एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात चार-पाच नावं असतात आणि म्हटलेलं असतं, यातला इंटरफेस निवडा.

इंटरफेस म्हणजे दार. कॉम्प्युटरला बाहेर जायला एकच दार असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वायर खोचायचं एक दार असतं, वायफायचं दुसरं. आणखी काही सॉफ्टवेअरं आपापली खोटी दारं तयार करून ठेवतात. आणि एक दार तर असं असतं की त्यातून कॉम्प्युटर फक्त स्वतःशीच बोलतो. आमच्या सोसायटीला पुढचं मोठं गेट आहे आणि मागे एक छोटं. वॉचमनला मागच्या गेटवर बसवून संध्याकाळी विचारलं, आज सोसायटीत कोण कोण आलं, तर तो सांगेल, एक दूधवाला आणि दोन मांजरं. तो खोटं बोलत नसतो. त्याला जिथे बसवला तिथून जे दिसलं ते तो सांगतो.

आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त गृहस्थ होते. नेट पुरवणाऱ्या कंपनीशी त्यांचं भांडण चाललं होतं. त्यांनी कुठूनसं हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, यादीतलं वायफाय निवडलं आणि आठवडाभर शून्याचे आकडे छापून काढले. मग ते कागद घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, मी नेट वापरतच नाही, तरी ते स्लो कसं होतं. तिथली पोरं कागद उलटसुलट करून बघत बसली, म्हणून काका अजूनच चढले. शेवटी मला बोलावलं. त्यांचा कॉम्प्युटर वायरीवर चालत होता, वायफायचं दार बंदच होतं. मी म्हटलं, काका, तुम्ही आठवडाभर बंद दारासमोर खुर्ची टाकून बसला होतात. ते माझ्यावरच रागावले. पुढे लिफ्टमध्ये दोघंच असलो तरी ते मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायचे.

आमच्या धंद्यात नवखे लोक एक युक्ती शिकतात. त्या यादीत प्रत्येक नावापुढे एक छोटी रेघ असते. त्या दारातून काही जात-येत असलं की ती वळवळते, नाहीतर सरळ पडून राहते. युक्ती अशी की, जिकडे जास्त हलतंय ते निवडा. बरेचदा हे बरोबर निघतं आणि म्हणूनच ते घातक आहे. आधी स्वतःला विचारायला हवं की मला नक्की काय जाणून घ्यायचंय. घरातल्या घरात काय चाललंय ते, की घराबाहेर काय गेलं ते. दार त्यावरून ठरतं. रेघ कितीही नाचली तरी त्यावरून ठरत नाही. एवढं एक वाक्य मी जन्मभर सांगत आले आणि लोक मला 'मॅडम फार बारीक बघतात' म्हणत आले. बारीक बघते, आणि का बघते त्याचीच ही गोष्ट आहे.

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत स्टीलचे डबे आणि बाटल्या बनवणारा एक कारखाना आहे. खाली मोठा गाळा, त्यात प्रेस आणि पॉलिशची यंत्रं. ती चालू असली की शेजारच्या माणसाशीसुद्धा कानाला तोंड लावून बोलावं लागतं. वर माळ्यावर ऑफिस. तिथली सगळी वायर मी टाकलेली. मालकांना सगळे शेठ म्हणत, मीही म्हणायचे. माणूस तसा वाईट नव्हता. दिवाळीला डब्यांचा सेट पाठवायचा, बोलावलं की चहा आधी यायचा. फक्त एकदा काही मनात घेतलं की ते बाहेर काढणं कठीण.

त्या दिवशी शेठनी फोन करून सांगितलं, मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे, एका रिपोर्टवर सही करायची. कसला रिपोर्ट विचारलं तर म्हणाले, या तर खरं.

मी गेले. हेमलताची खुर्ची रिकामी होती. तिच्या कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती.

हेमलता भाईंदरजवळच्या राई गावची. घरचा धंदा मासेमारीचा, पण तिनं बी.कॉम. केलं आणि या ऑफिसात लागली. माल पाठवण्याचं ती बघायची आणि डब्यांची डिझाइनं ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली, तो तिच्याच ताब्यात होता. माझं तिच्याशी जमायचं, कारण ऑफिसात एकटी तीच अशी होती की वायर ओढून काढायच्या आधी मला फोन करायची. मला ती ताई म्हणते.

घडलं होतं ते असं. शेठच्या नव्या डब्याचं झाकण वेगळ्या धर्तीचं होतं, दाबलं की बंद होणारं. तो डबा बाजारात यायच्या आत दुसऱ्या एका कारखान्याचा तसाच डबा दुकानांत दिसला. शेठ पेटले. डिझाइन बाहेर गेलं कसं हे शोधायला त्यांनी पराग नावाच्या एका तरुणाकडून देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. परागनं ते लावलं. आठवड्याभरात चित्र आलं. दिवसभर रेघ जमिनीला टेकलेली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत हेमलताच्या कॉम्प्युटरवरून डोंगराएवढा माल रवाना. त्या वेळी सगळे जेवायला मोठ्या टेबलावर आणि हेमलता एकटी आपल्या जागेवर.

आता ती एकटी आपल्या जागेवर का, हे मला ठाऊक होतं आणि त्या ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या टेबलावर डबे एकत्र उघडतात. याची भाजी त्याच्या पानात, त्याचं लोणचं हिच्या पानात, अशी तिथली रीत. हेमलता कामावर कधी मासळी आणत नसे. तांदळाची भाकरी आणि वालाची नाहीतर वांग्याची भाजी, एवढाच तिचा डबा असायचा. पण डबा त्या घरचा, त्या घरच्या भांड्यांत रांधलेला. तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. फक्त तिच्या भाजीत कोणाचा चमचा पडायचा नाही आणि तिच्याकडे कोणी काही सरकवायचं नाही. काही दिवसांनी ती आपणहून जागेवर जेवायला लागली, आणि सगळ्यांना बरं वाटलं. पुढे हेच एकटं जेवणं तिच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. ती सुट्टीत सगळ्यांपासून लांब बसते, असं परागला सांगणारी माणसं त्याच टेबलावरची होती. हे मी इथे सौम्य करून लिहिणार नाही.

शेठनी तिला जेवणाच्या सुट्टीतच खाली गाळ्यात बोलावलं होतं. यंत्रं बंद, पन्नासेक कामगार भिंतीला टेकून जेवत बसलेले. त्यांच्यासमोर तिची पर्स टेबलावर उपडी केली. चोर म्हटलं, हिंदीत म्हटलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. मग सांगितलं, रिपोर्ट पक्का होईपर्यंत घरी बस. पर्समधून निघाला कंगवा, पास, गोळ्यांची पट्टी आणि घराची किल्ली. एका कामगारानं ते गोळा करून तिच्या हातात दिलं, असं मला नंतर कळलं. राई गाव केवढंसं. ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

माझ्यापुढे रिपोर्ट ठेवला. आत डोंगराचं चित्र आणि खाली, तज्ज्ञाची सही, अशी रेघ. पराग नव्या कंपनीचा, त्याच्या एकट्याच्या सहीला वजन नाही, तुमचं नाव वसाहतीत सगळे ओळखतात, असं शेठ म्हणाले. मी पोलिसात जाणार आहे, हेही सांगितलं. म्हणजे माझी सही नोकरी घालवायला नको होती, नोकरी तर गेल्यातच जमा होती. ती सही हेमलताला पोलीस चौकीत बसवायला हवी होती.

मी परागला म्हटलं, मला ती खिडकी दाखव, इंटरफेसची. त्यानं दाखवली. त्या ऑफिसात बाहेर जाणारं सगळं एका कॉम्प्युटरमधून जातं, तो मीच बसवलेला. त्यावर चार नावं होती. एक बाहेरच्या वायरीचं, एक आतल्या वायरीचं, एक स्वतःशी बोलण्याचं आणि एक परागनं नव्यानं घातलेलं. हे चौथं मिररचं. ऑफिसातल्या सगळ्या वायरी ज्या पेटीत येऊन मिळतात तिला स्विच म्हणतात. स्विचला सांगून ठेवता येतं की तुझ्यातून जे जे जाईल त्या सगळ्याची एक नक्कल या वायरीवरही सोड. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला पाठवलेली फाइलसुद्धा तिथे दिसते. परागनं हेच चौथं निवडलं होतं.

हेच का निवडलंस, मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, बाकीचे सगळे सुस्त पडलेले. हाच सगळ्यात जास्त हलत होता."

पोरगा लबाड नव्हता. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं, आणि चित्र इतकं ठसठशीत आलं की पुढे विचारायची गरज त्याला वाटली नाही. पाठवलं, असं सॉफ्टवेअर म्हणत होतं. कोणाला पाठवलं हे तिथेच शेजारच्या रकान्यात होतं, पण तो रकाना रिपोर्टात घेतलेला नव्हता. मी तो उघडला. पत्ता आतला होता, त्याच ऑफिसातला.

आणि तो कोणाचा हे मला पाठ होतं. शेठच्या केबिनमध्ये टेबलाखाली एक काळी पेटी आहे. डिझाइनं जळाली, बुडाली तर एक प्रत आपल्या पायाशी हवी, म्हणून ती शेठनीच घेतलेली. रोज जेवणाच्या सुट्टीत हेमलताच्या कॉम्प्युटरवरचं सगळं आपोआप त्या पेटीत उतरायचं. सुट्टीतच का, तर कामाच्या वेळी कॉम्प्युटर मंदावायला नकोत, हाही शेठचाच हुकूम. त्यांनी घेतली, त्यांनी सांगितलं, आणि ते विसरून गेले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी हे सांगितलं. शेठनी त्या पत्त्याच्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, नंबर तो नंबर होता है. आतला काय नि बाहेरचा काय. ती गेली त्या दिवसापासून ग्राफ बसला, हे तरी मानता ना?"

हा त्यांचा हुकमी पत्ता होता. ती गेल्यापासून डोंगर नाही, म्हणजे डोंगर तिचाच. मी म्हटलं, ती गेली तेव्हा तुम्ही तिचा कॉम्प्युटर बंद करून वर चिकटपट्टी लावलीत. बंद कॉम्प्युटरची प्रत कशी निघणार. त्यावर परागनं रिपोर्ट स्वतःकडे ओढून पुन्हा वाचायला घेतला. शेठ मात्र ऐकेनात. तुमचं तिच्याशी सूत आहे, एक बाई दुसरीला वाचवणार, वगैरे सुरू झालं. मग अगदी प्रेमानं म्हणाले, या वसाहतीत तुमचं जे काम चालतं ते माझ्या शब्दावर चालतं. चहा आला होता. मी तो प्यायले नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण तिथला चहा मला फार आवडायचा.

मी म्हटलं, सही राहू द्या. उद्या जेवणाच्या सुट्टीत मी परत येते. तुम्ही, पराग आणि त्या टेबलावरचे सगळे, उद्या जेवायचं नाही, इथे उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी मी चिकटपट्टी काढून हेमलताचा कॉम्प्युटर चालू केला. खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही, खुर्ची भिंतीला लावून ठेवली. परागचं सॉफ्टवेअर त्यानंच निवडलेल्या चौथ्या दारावर लावलं. मग शेठना म्हटलं, तुमच्या हातानं ही वायर काढा. ती बाहेरची वायर होती, इंटरनेट ज्यातून येतं ती. शेठनी ओढली. टोक त्यांच्या हातात लोंबत राहिलं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट गेल्याची खूण आली, कोणीतरी सवयीनं कुरकुरलंसुद्धा. आता ऑफिसातून बाहेर काही जायचं तर जिन्यानंच जायला हवं होतं.

खाली सुट्टीची घंटा झाली, यंत्रं थांबली. आणि वर पडद्यावर डोंगर चढायला लागला.

खुर्ची रिकामी, वायर शेठच्या हातात, आणि तरी तोच डोंगर, तेवढाच उंच. मी शेठना केबिनमध्ये नेलं आणि टेबलाखाली वाकून बघायला सांगितलं. काळ्या पेटीवरचा हिरवा दिवा भराभर मिचकत होता. मग बाहेर येऊन परागलाच म्हटलं, तुझं हे देखरेखीचं सॉफ्टवेअर निवडलेलं दार दाखवतं, पण मोजून सगळ्याच दारांचं ठेवतं, रिपोर्टात तू एकच घेतलंस. आता बाहेरच्या दाराचं काढ. त्यानं काढलं. हेमलताच्या कॉम्प्युटरवरून त्या आठवड्यात बाहेर गेली होती ती थोडी ईमेलं आणि ट्रान्सपोर्टवाल्याची चलनं. परागनं मान खाली घातली आणि म्हणाला, मॅडम, हे मी आधी बघायला हवं होतं. हे म्हणायला धैर्य लागतं. त्याबद्दल त्याला मी पुढे दोन कामं मिळवून दिली.

झाकणाचं डिझाइन बाहेर कसं गेलं, ते मला आजही माहीत नाही. नमुन्याचे डबे शेठनी स्वतः कितीतरी दुकानदारांना दाखवायला दिले होते. दाबून बंद होणारं झाकण समजायला कॉम्प्युटर लागत नाही, अंगठा पुरतो. पण ते शोधायचं कोणाच्या मनात नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं सोपं असतं, संन्यासी कोपऱ्यात एकटाच जेवत असला तर फारच सोपं.

शेठ हसले. चला, गैरसमज होता, असं म्हणाले. हेमाला फोन करा, उद्यापासून ये म्हणावं, पगार कापणार नाही. आणि मॅडम, तुम्ही दोन ओळी लिहून द्या की सिस्टिमची चूक होती.

तिथे माझं डोकं फिरलं. सिस्टिमची चूक. मी इतकी वर्षं या यंत्रांबरोबर काढली. ती बंद पडतात, अडतात, वैतागवतात, पण त्यांना जिथे बसवावं तिथून जे दिसतं तेच ती सांगतात. त्यांना कोणाशी वैर नसतं. कोण कुठल्या भांड्यात रांधतं हे त्यांना कळत नाही. मी सांगितलं, सिस्टिमची चूक असं मी लिहिणार नाही. मी लिहिलं ते असं: 'इंटरफेस चुकीचा निवडला होता. त्यातून दिसलेल्याचा अर्थ चुकीचा लावला. त्यावरून एका निर्दोष कर्मचाऱ्याला सर्वांसमोर चोर म्हटलं गेलं.' खाली सही केली, तीच त्यांना हवी असलेली सही. शेठनी वाचलं आणि कागद फाडला. मी दुसरा लिहिला. तोही फाडला. मी म्हटलं, शेठ, माझ्याकडे पॅड मोठं आहे. तिसरा त्यांनी फाडला नाही, पण परत माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी हेमलताला मीच फोन केला. मला वाटलं रडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं, दारांचं, मिररचं, बाहेरच्या वायरीचं, आणि विचारलं, ताई, हे सगळं तुम्ही वर ऑफिसातच सांगितलंत ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मना तर खाली चोर बोलले.

त्यानंतर त्या वसाहतीतून मला काम आलं नाही. शेठचा शब्द खरंच चालत होता. वर्षानुवर्षं टाकलेल्या माझ्या वायरी तिथे आहेत आणि त्यांवर दुसरी माणसं काम करतात. याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाईट वाटतं. ज्या सॉफ्टवेअरनं आम्ही नेट का अडलंय ते शोधायचो, त्यानंच आता कोण किती वेळ कुठे बसलं होतं हे शोधतात, आणि त्यात दार निवडायला शिकवणाऱ्यांत मीही होते, याचंही वाटतं. पण तो कागद पुन्हा माझ्यापुढे आला तर मी पुन्हा तसाच लिहीन. शेठना हे वाचायला कोणी दिलं तर देऊ दे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले ती हेमलतानं बोलावलं म्हणून. ती दहाला आली. वर गेली नाही. खाली गाळ्यात, जिथे तिची पर्स उपडी केली होती त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. यंत्रं जोरात चालू होती. कोणीतरी वर जाऊन शेठना सांगितलं. ते जिन्यावरूनच तिला हातानं वर बोलवायला लागले. ती हलली नाही. शेवटी ते खाली आले, तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलले. मी चार पावलांवर होते, मला फक्त ओठ दिसले.

हेमलता एरवी शेठशी हिंदीत बोलायची. त्या दिवशी ती गावच्या बोलीत बोलली, आणि यंत्रांच्या वरताण आवाजात बोलली.

"शेठ, न्हाय आयकू आला. मना चोर बोललात तवा मशिनी बंद व्हत्या."

कामगारांचे हात चालू होते, पण डोळे सगळे इकडे. गाळ्यातली यंत्रं भर कामाच्या वेळात कोणी माणसासाठी बंद केल्याचं मी तिथे कधी पाहिलं नव्हतं. शेठनी हात वर केला. एका टोकाचं पॉलिशचं चाक थांबलं, मग दुसरं, मग प्रेस. शेवटचं चाक फिरत फिरत थांबेपर्यंत सगळे वाट बघत होते.

"हेमा ने कुछ नहीं चुराया," शेठ म्हणाले. "ग़लती मेरी थी."

शेजारच्या गाळ्यातली माणसंही दारात येऊन उभी होती.

"आता आला आयकू," हेमलता म्हणाली, आणि जिना चढून आपल्या जागेवर गेली.